लाल फडकं

सिद्राम धोत्रेच्या पायजम्याला नाडी नव्हती. त्या रुग्णालयात कुणाच्याच पायजम्याला नव्हती. नाडीने माणूस गळफास घेऊ शकतो म्हणून नियम क्रमांक नऊ, आणि इलॅस्टिक उसवून काढता येतं म्हणून नियम क्रमांक दहा. त्यामुळे बत्तीस मोठे बाप्ये दिवसभर एका मुठीत पायजमा धरून फिरत. एक हात असा कायमचा गुंतलेला बरा असतो, असं वॉर्डमास्तर टिळेकर कौतुकाने सांगत. चहा कोमट मिळे, कारण गरम चहा तोंडावर फेकता येतो. खुर्च्या फरशीला बोल्टने आवळलेल्या होत्या. संडासाला दार होतं, कडी नव्हती. नखं गुरुवारी, दाढी रविवारी, आणि पत्र आलं तर आधी टिळेकर वाचणार.

सिद्रामला नियमांचं वावडं नव्हतं. वीस वर्षं त्याने जत आणि मंगळवेढ्याकडच्या माळावर विहिरी खोदल्या होत्या, आणि तिथेही नियम कडकच असत. खडकाला भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोराने वर ओढणाऱ्या यारीच्या पाळण्यातून वर यायचं. वात पेटल्यावर पळायचं नाही, हा पहिला नियम. पळणाऱ्याचा पाय घसरतो आणि मग त्याच्या घरी निरोपच जातो. वात फुरफुरायला लागली की सिद्रामची छाती आपोआप थंड पडायची, ठोके मंद व्हायचे, डोळे एका जागी स्थिर व्हायचे. ही त्याची वीस वर्षांची कमाई होती. दुसरा नियम, वर कुणीतरी लाल फडकं घेऊन उभं राहायचं आणि ओरडायचं, “बार हाय, लांब सरा!” ते काम त्याची लेक रेणू करायची. आईविना वाढलेली पोर सुट्टीत घरी ठेवायची कुणापाशी, म्हणून तो तिला कामावर न्यायचा. तिचं ओरडणं पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जायचं.

मग त्याच्या कानात आवाज यायला लागला. ठेकेदाराने भोकांत दुप्पट दारू भरली आहे, तुला आत गाडायचा बेत आहे, असं तो आवाज रात्रंदिवस सांगे. एका सकाळी सिद्राम पहार घेऊन शांतपणे चालत गेला आणि त्याने ठेकेदाराचा खांदा आणि डोकं फोडलं. ठेकेदार वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. बारा वर्षांची रेणू दहा पावलांवर लाल फडकं घेऊन उभी होती. हा माणूस भानावर नव्हता असं कोर्टाने मान्य केलं आणि त्याला या सुरक्षित मनोरुग्णालयात धाडलं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. गोळ्यांनी आवाज दीड वर्षात बंद पडला तो पुन्हा आलाच नाही. आवाज गेला आणि सिद्राम मात्र आतच राहिला.

दोन वर्षांपूर्वी तिथे ताईत आले. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘पूर्वसूचक’ असं भारदस्त होतं, पण दंडावर बांधायची वस्तू म्हटल्यावर रुग्णांनी लगेच तिचं बारसं करून टाकलं. चार बोटं रुंदीची ती पट्टी होती आणि आतून तिला चार टिकल्या होत्या. एक टिकली कातडीवरचा घाम मोजायची, दुसरी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, तिसरी अंगाची ऊब आणि चौथी श्वास. माणूस हात उगारतो त्याच्या आधी काही मिनिटं त्याचं शरीर तयारीला लागलेलं असतं, आणि त्याचा त्यालाही पत्ता नसतो. देशोदेशींच्या हजारो रुग्णांची मोजमापं यंत्राला खाऊ घातली होती. त्यातून ते शिकलं आणि शून्य ते शंभर असा आकडा दाखवू लागलं. चाळिशीच्या आत हिरवा दिवा, सत्तरपर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल. लाल झाला की जवळची दारं आपोआप बंद व्हायची, चारजण धावत यायचे आणि दंडात सुई टोचली जायची.

ताईत आल्यापासून कर्मचाऱ्यांवरचे हल्ले निम्म्यावर आले, हे खरं होतं. पण यंत्राला राग कळतो असं सगळे धरून चालले होते, तिथे घोळ होता. यंत्राला शरीराची धांदल कळायची. ती धांदल कशाची आहे हे कळायचं नाही. टीव्हीवर विश्वचषकाचा सामना चालू असताना शेवटच्या चेंडूवर षटकार बसला आणि वॉर्डात एकवीस ताईत लाल झाले. एकवीसजणांना सुया मिळाल्या आणि क्रिकेट कायमचं बंद झालं. नव्वद दिवस सलग लाल न होता काढले तर सुटकेचा अर्ज करता येई. सिद्रामच्या शेजारच्या खाटेवरचे हुसेनभाई शिंपी अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दुपारच्या झोपेत कसल्याशा स्वप्नाने खदखदून हसले. त्यांची मोजणी शून्यावर आली. त्यानंतर हुसेनभाई फार झोपत नसत.

सिद्रामला ताईत बांधला त्याच महिन्यात त्याची बहीण रेणूला घेऊन भेटीला आली होती. रेणू तेव्हा सोळा वर्षांची होती. चार वर्षांनी पोरगी समोर दिसली, उंच झालेली, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण तसाच. सिद्राम उठून उभा राहिला आणि त्याचे हात आपोआप पुढे गेले. तिसऱ्या मिनिटाला ताईत लाल झाला. भेटीच्या टेबलावर बरोबर मधोमध छतातून लोखंडी शटर खाली येतं, ते आलं. बहिणीला बाहेर सांगितलं गेलं, की रुग्ण मुलीच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होता, थोडक्यात वाचली. फाइलमध्येही तसंच लिहिलं गेलं. रेणूने ते खरं मानलं, आणि का मानू नये? तिने एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं होतं.

पुढची दोन वर्षं ती आली नाही. बहीण गेल्या वर्षी वारली. आणि मग यंदा जानेवारीत रेणूचं पत्र आलं.

टिळेकरांनी ते वाचलं. पत्राच्या दोन पानांना टाचणी होती. धातूची वस्तू वॉर्डात आणायला बंदी, नियम क्रमांक सतरा. टाचणी काढून पत्र देता आलं असतं, पण टाचणी लावलेला मजकूर हा ‘बंदी असलेल्या वस्तूचा भाग’ ठरतो, असा अर्थ टिळेकरांनी स्वतःच्या अकलेने लावला होता. त्यांनी सिद्रामसमोर ती दोन्ही पानं कागद चिरायच्या यंत्रात घातली. वर तोंडी सांगितलं, की पोरीला सौर प्रकल्पात नोकरी लागली आहे, दोन माणसांची खोली मिळतेय, तू नव्वद दिवस नीट राहिलास तर ती सहीचा विचार करणार आहे. बाकी काही विशेष नव्हतं म्हणे.

सिद्राम चिंध्यांकडे बघत उभा राहिला. आतून काहीतरी उकळून वर येईल असं त्याला वाटलं, पण झालं उलटंच. छाती थंड पडली. ठोके मंद झाले. त्याची नजर टिळेकरांच्या गळ्यावर, कॉलरच्या वरच्या गुंडीपाशी स्थिर झाली, आणि तिथे पहारीचं टोक कसं आणि किती जोराने लागेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात अगदी सावकाश सुरू झाला. त्याच्या दंडावर दिवा हिरवागार होता. आकडा एकोणीस.

“शाब्बास,” टिळेकर म्हणाले. “सुधारलास की रे.”

सिद्रामला वात सापडली होती. आनंद झाला, काळजी वाटली, रेणूची आठवण आली की आकडा चढायचा. टिळेकरांचा द्वेष केला की उतरायचा. मग त्याने द्वेष मन लावून केला, दुसरा कुणी जप करतो तसा. सकाळी उठल्याबरोबर टिळेकरांचा गळा आठवायचा. जेवताना त्यांचे पान खाऊन रंगलेले दात बघायचे. मन जरा कुठे सैल होतंय असं वाटलं की त्या चिंध्या डोळ्यांपुढे आणायच्या. टिळेकरही आपल्या परीने रोज हातभार लावत होते, कधी उशी काढून घ्यायचे, कधी गुरुवारी नखं कापायची वेळ संपली म्हणून सांगायचे. द्वेषाला कधी तोटा पडला नाही. सिद्रामला याची लाज वाटायची, पण लाज वाटली की आकडा पंचेचाळीसवर जायचा, म्हणून त्याने लाजही सोडली.

साठाव्या दिवशी डॉक्टर वर्तकबाईंनी त्याला बोलावून घेतलं. तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि तिथल्या माणसांत निदान समोरच्याकडे बघून बोलायच्या. त्यांच्यापुढे त्याच्या आकड्यांचा आलेख होता, जवळजवळ सपाट.

त्यांनी त्याला समजावून सांगितलं, की शंभरातली पंच्याण्णव माणसं मारायला उठतात तेव्हा पेटतात. उरलेली थोडी त्या क्षणी थंड होतात, मांजर झेप घेण्याआधी होतं तशी. यंत्र शिकलं ते पंच्याण्णवांवर. त्या पाचांच्या बाबतीत त्याचं सगळं उलटं होतं, धोका असताना ते हिरवं दाखवतं. कंपनीला त्यांनी तीनदा पत्रं लिहिली होती. असे अपवाद हिशेबात धरण्याइतके नाहीत, असं उत्तर आलं होतं.

“धोत्रे, सुरुंगाचं काम करणारा माणूस त्या पाचांतला असू शकतो,” त्या म्हणाल्या. “खरं सांगा. कुणाला मारावंसं वाटतं?”

“न्हाई बाई,” सिद्राम म्हणाला. आकडा एकवीस.

वर्तकबाई त्या हिरव्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या हातात संशयाशिवाय काही नव्हतं आणि नियमात संशयाला रकाना नव्हता.

नव्वद दिवस भरले. शेवटची पायरी म्हणजे नातेवाइकाची भेट, पूर्ण तीस मिनिटं आणि सगळी हिरव्यात. ती पार पडून नातेवाइकाने सही केली तर घर. सही नाही केली तरी भेट हिरवी झाली म्हणून खुला वॉर्ड. खुल्या वॉर्डात बाग होती, गरम चहा होता, नाडीचे पायजमे होते, आणि ताईत काढून ठेवत. मध्ये लाल झाला तर पुन्हा पहिला दिवस.

रेणू आली. आता अठराची, केस मागे घट्ट बांधलेले, प्रकल्पाचा निळा सदरा अंगात. ती समोर बसली आणि फॉर्म व पेन तिने टेबलावर ठेवलं. देखरेख करणाऱ्याने रुग्णाच्या समोर उभं राहावं, असा नियम असल्याने टिळेकर नेमके तिच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. सिद्रामला हेच हवं होतं. त्याने तिच्या खांद्यावरून त्यांचा गळा गाठला आणि नजर तिथे रुतवली.

रेणू बोलत होती. खोलीला खिडक्या दोन आहेत, पाणी सकाळी येतं, आत्याची ट्रंक तिने आणून ठेवली आहे, शेजारची बाई भाकरी करून देते. सिद्राम “बरं” म्हणत होता, “हां” म्हणत होता. तिच्याकडे बघणं भागच होतं तेव्हा बघत होता, पण डोळे तेच होते. बदलायला जावं तर आकडा हलला असता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. आकडा अठरा. टिळेकरांनी मान डोलावली. असली आदर्श भेट त्यांनी बघितली नव्हती.

सतराव्या मिनिटाला रेणू थांबली. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते टक् असं वाजलं.

“आप्पा,” ती म्हणाली, “त्या दिशी हिरीवर तुमचं तोंड असंच हुतं.”

सिद्रामने नजर हलवली नाही.

“ह्ये लोक म्हंतात तुमी सुधारला. ह्यो दिवा बी हिरवा हाय. पर मी तुमचं तोंड वळखते. पहार उचलली तवा असंच थंड बघत हुता तुमी.” ती जागची मागे सरली नव्हती. “मला भ्या वाटतंय. मी सही न्हाई करणार.”

एवढी सगळी माणसं पगार घेऊन, एवढं महागडं यंत्र लावून, जे वाचू शकली नव्हती ते तिने सतरा मिनिटांत वाचलं. आणि बरोबर वाचलं. सिद्राम त्या क्षणी खरोखरच मनात एका माणसाचा गळा फोडत होता.

तेरा मिनिटं उरली होती. ती थंड काढली असती तर खुला वॉर्ड हातात होता. बाग, चहा, नाडी. रेणू मात्र उठून गेली असती आणि बाप कायमचा तोच राहिला असता, पहार घेतलेला. “भिऊ नगंस” असं त्याने म्हणून पाहिलं. द्वेषाच्या आवाजात म्हटलेलं ते वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानाला इतकं भयंकर लागलं, की ती दचकून अर्धी उठली.

सिद्रामने टिळेकरांच्या गळ्यावरून नजर काढली. नव्वद दिवस धरून ठेवलेली वस्तू सोडताना खांद्यात कळ आली. त्याने पोरीकडे पाहिलं, हनुवटीवरच्या व्रणाकडे. यारीच्या पाळण्याची कडी लागली होती तिला, पाच वर्षांची असताना, आणि रडायच्या ऐवजी तिने कडीलाच शिव्या दिल्या होत्या.

“रेणे,” तो म्हणाला, “फडकं आणलंस का गं?”

“कसलं?”

“लाल फडकं. बार हाय.” त्याने दंड तिच्यापुढे केला. “आता वात लागली बघ. ह्यो दिवा लाल हुईल. ह्येला राग आन् खुशी येगळी कळत न्हाई. त्या टायमाला तू आलीस, मला लई बरं वाटलं, आन् ह्येनं शटर पाडलं. मी तुझ्या अंगावर येत नव्हतो. आतापतूर थंड बसलो ते ह्या साहेबाचा राग करून. तू वळखलंस ते खरंच हाय.”

आकडा एकावन्न झाला. टिळेकर भिंतीपासून सुटले आणि म्हणाले, “धोत्रे, नव्वद दिवस पाण्यात जातील. गप्प बस.”

सिद्राम गप्प बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वात पेटलेली असताना तो घाईने बोलत होता. “मागं सरू नगंस. हितं लांब सरायचं न्हाई. माझ्या तोंडाकडं बघ, दिव्याकडं बघू नगंस.”

रेणूने बघितलं. बापाचं तोंड हलत होतं, ओठ थरथरत होते, नाकातून पाणी येत होतं आणि तो सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर हसत होता. तीही हसली, आधी थोडंसं आणि मग रडत रडत. आकडा त्रेसष्ट. सिद्रामला दम लागला. सत्तर झाला, ब्याऐंशी झाला, दिवा लाल झाला आणि शटर कोसळलं.

त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोन रखवालदारांनी त्याला फरशीवर पालथा पाडला. गाल फरशीला दाबला गेला, पायजमा सुटला, सुई लागली. हे सगळं नेहमीसारखंच झालं. पण शटरच्या पलीकडून एक आवाज आला, पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जायचा तोच.

“बार हाय! बार हाय!”

ताईत शहाण्णववर गेला. त्या वॉर्डात एवढा आकडा आजवर कुणी गाठला नव्हता, असं हुसेनभाईंनी नंतर अभिमानाने सांगितलं.

फाइलमध्ये ‘तीव्र आक्रमक वर्तन, नातेवाइकाकडून चिथावणी’ असं लिहिलं गेलं. खाटेच्या पाटीवर ‘दिवस पहिला’ लागला. रेणूने बाहेर बसून तीन पानी जबाब लिहून दिला, की तो आकडा रागाचा नव्हता, आनंदाचा होता, आणि मी समोर बसून पाहिला आहे. टाचणी तिने लावली नाही. वर्तकबाईंनी तो आपल्या पत्रासोबत वर पाठवला. वरून पोच आली, उत्तर आलं नाही. टिळेकरांनी मात्र तत्परता दाखवली. पंधरा दिवसांत भेटीच्या खोलीत नवी पाटी लागली, नियम क्रमांक अठ्ठेचाळीस: नातेवाइकांनी रुग्णास हसवू नये.

पुढच्या महिन्यात रेणू त्या पाटीखाली येऊन बसली. तिने पाटी नीट, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. टिळेकर तिच्यामागे भिंतीला टेकले. सिद्रामने या वेळी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने गळ्यातली ओढणी काढून हातात घेतली. ओढणी लाल होती. ओढणीच्या रंगाबद्दल अजून नियम झाला नव्हता.

“आप्पा, वात केवढी ठेवलीया?” तिने विचारलं.

“चार मिंटाची आसंल,” सिद्राम म्हणाला.

“मग पटपट सांगते,” म्हणत ती टेबलावर पुढे झुकली आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाच्या खुर्चीत चुकून कशी बसली ते सांगू लागली.

सिद्रामच्या दंडावरचा आकडा एकेचाळीस झाला.